कटऑफकाका

बारावीचा निकाल लागला की आमच्या साताऱ्यातल्या कॉलनीत दोन गोष्टी हटकून होतात. घरोघरी पेढे वाटले जातात आणि कटऑफकाकांचा फोन एंगेज लागायला लागतो. काकांचं खरं नाव त्यांच्या लाइट बिलावर आहे. बाकी दुनियेला ते कटऑफकाका म्हणूनच ठाऊक. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला हा गृहस्थ एरवी वर्षभर चारचौघांसारखाच असतो. भाजी आणतो, बँकेत पासबुक भरून घेतो, बीपीची गोळी विसरतो आणि बोलणी खातो. पण जून उजाडला की त्याच्या अंगात येतं. पुढचे सगळे सण काका प्रवेशाच्या फेऱ्यांनी मोजतात. पंचमीला पहिली, राखीला दुसरी, आणि गणपती आले तरी काका 'चौथी बाकी आहे' म्हणून आरतीला उशिरा येतात.

काखेत स्पायरल बाइंडिंग केलेला गठ्ठा दिसला की काका आले असं समजावं. गेल्या वर्षीच्या कॅप राउंडच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांच्या, कटऑफ याद्या आहेत त्या. इंजिनिअरिंगच्या वेगळ्या, फार्मसीच्या वेगळ्या. खिशात तीन हायलायटर. हिरवा म्हणजे नक्की मिळणार, पिवळा म्हणजे मिळूही शकतं, गुलाबी म्हणजे देवाला नारळ बोला. गुलाबी सगळ्यात आधी संपतो.

काकांची भाषा मराठीच, पण ती आपल्याला कळत नाही. सीओईपी १८५४ सालचं आणि व्हीजेटीआय १८८७ सालचं, हे तुमच्याआमच्यासाठी. काकांसाठी ते वर्षानुवर्षं पाठ झालेले कॉलेज कोड, अनुक्रमे ६००६ आणि ३०१२. "पोरगं ६००६ला लागायचं, थोडक्यात हुकलं," असं ते हळहळून सांगतात, तेव्हा नव्या माणसाला वाटतं पोरगं कुठल्यातरी गाडीखाली यायचं वाचलं. एकदा त्यांनी शेजारच्या वहिनींना कागदावर 'जीओपनएच' आणि 'एलओपनओ' असं लिहून दिलं. वहिनींनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "काका, हे जेवणाआधी घ्यायचं का नंतर?" जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींची राखीव जागा, एच म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या हद्दीतली, ओ म्हणजे हद्दीबाहेरची, हे समजावण्यात त्या दिवशी दोन चहा झाले.

टक्के या शब्दावर काकांचा विशेष राग. "आमच्या नातीला ९१ मिळाले," असं कुणी आजी कौतुकानं म्हणाली की काका लगेच सरसावतात. "टक्के नव्हेत आजी, पर्सेंटाइल. सीईटीच्या पीसीएमला मुलं बसली चार लाखांच्या वर. ९१ म्हणजे तुमच्या नातीच्या पुढे छत्तीस हजारांहून जास्त मुलं उभी आहेत." आजीच्या हातातला पेढा तिथेच थबकतो. वर काका पर्सेंटाइल दशांशचिन्हानंतर सातव्या आकड्यापर्यंत म्हणून दाखवतात. त्यांच्या स्वतःच्या लग्नाच्या वाढदिवसाची आठवण मात्र काकूंनाच करून द्यावी लागते.

असा माणूस उगाच तयार होत नाही. काकांच्या तरुणपणी बारावीचे मार्क, कॉलेजची खिडकी आणि नोटीस बोर्डावरची यादी एवढ्यात प्रवेश उरकायचा. १९८३ साली वसंतदादांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं आणि बघता बघता जिल्ह्याजिल्ह्यात कॉलेजं उभी राहिली. पुढे सीईटी आली, कॅप आलं, सगळं ऑनलाइन झालं. आता पर्यायांच्या अर्जात तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. तीनशे! लग्नासाठीसुद्धा कुणी एवढी स्थळं बघत नाही. त्यात होम युनिव्हर्सिटी, ईडब्ल्यूएस, फी माफीच्या टीएफडब्ल्यूएस जागा, डिफेन्स, अल्पसंख्याक, मॅनेजमेंट कोटा. वर नियम दरवर्षी नवे. २०२५ साली तीनच्या चार फेऱ्या झाल्या, तेव्हा अख्खी कॉलनी हवालदिल होती. काकांच्या चेहऱ्यावर मात्र नवीन नातू झाल्याचं तेज होतं.

काकांचं हे वेड सुरू झालं ते त्यांच्या मुलीच्या वेळी. तिला हवी ती जागा थोडक्यात हुकली आणि काकांनी पण केला की पुन्हा म्हणून कुणाची हुकू द्यायची नाही. मुलीनं मग मेकॅनिकल केलं. आज ती बंगळुरात सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि यंत्राशी तिचा संबंध मिक्सर बिघडला तरच येतो. या उदाहरणावरून काही शिकावं असं काकांना कधी वाटलेलं नाही.

ब्रांचबद्दल काकांची मतं ठाम असतात, फक्त ती आठवड्याला बदलतात. सोमवारी "कॉलेज बघ, ब्रांचला काय चाटायचंय?" आणि गुरुवारी "ब्रांच बघ, कॉलेजच्या भिंती काय डोक्यावर घेऊन फिरायच्यात?" मेकॅनिकल त्यांनी आजवर अनेकदा संपवलं आणि दर वेळी ते पुन्हा जिवंत झालं. सध्या एआय-डीएसचा जोर आहे. त्यात नेमकं काय शिकवतात, हे विचारलं की काका म्हणतात, "पॅकेज विचार, सिलॅबस काय विचारतोस?"

गेल्या पावसाळ्यात समोरच्या घरी पर्यायांचा अर्ज भरायचा कार्यक्रम होता. डायनिंग टेबलावर लॅपटॉप, भोवती आई, बाबा, मामा, आणि मधे काका. जिच्यासाठी हा घाट, ती मुलगी कोपऱ्यातल्या खुर्चीवर. काकांनी पुण्याच्या आसपासची कॉम्प्युटरची कॉलेजं धडाधड सांगायला सुरुवात केली. मुलगी शांतपणे म्हणाली, "मला सिव्हिल करायचंय. कराडचं सरकारी कॉलेज."

मामांनी पंखा कमी केला. आईनं काकांकडे बघितलं.

"बरोबर आहे बाळा, सिव्हिलसुद्धा टाकू," काका समजुतीच्या सुरात म्हणाले, "पण वर आधी चार कॉम्प असू देत. खाली कराड आहेच की."

"काका, पहिल्या फेरीत पहिल्या नंबरचा पर्याय लागला तर काय होतं?"

"आपोआप फ्रीझ. घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर." नियम आला की काकांची जीभ थांबत नाही. "दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतला लागला तरी तेच, तिसरीत पहिल्या सहांतला."

"मग वरची कॉम्पच लागली तर मला सिव्हिल कधी मिळणार?"

काकांनी हायलायटरचं टोपण काढलं आणि परत लावलं. मुलीनं त्यांच्याच नियमानं त्यांना चीत केलं होतं, तेही कोपऱ्यातल्या खुर्चीवरून. शेवटी ते म्हणाले, "घाल, पहिलं कराडच घाल." आणि चहा न घेताच उठले. त्यांनी चहा नाकारल्याची ही बातमी दुसऱ्या दिवशी दुधवाल्यापर्यंत पोचली.

पण त्याच घरात, महिनाभर आधी, काकांनी जे केलं ते कुणी सांगत नाही. कागदपत्रं अपलोड करायच्या आदल्या संध्याकाळी ते फायली चाळत होते. शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल, जातीचा दाखला, पडताळणीचं प्रमाणपत्र, सगळं जागच्या जागी. नॉन-क्रिमीलेअरच्या दाखल्यावर त्यांचं बोट थांबलं. "दादा, हा ३१ मार्चलाच संपलाय." वडिलांचा चेहरा उतरला. दाखला शाबूत, सही शिक्का शाबूत, फक्त तळाशी बारीक अक्षरात मुदत. तो दाखला तसाच गेला असता तर पोरगी ओबीसीतून थेट खुल्या यादीत जाऊन बसली असती आणि फेऱ्या सुरू व्हायच्या आधीच कराड हातचं गेलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काका त्या वडिलांना घेऊन सेतू केंद्राच्या दारात उभे होते, केंद्र उघडायच्या आधी. तीन वर्षांच्या उत्पन्नाचे कागद त्यांनीच क्रमानं लावले. तिथल्या मुलानं "उद्या या" म्हटल्यावर काका तिथेच बाकावर बसून राहिले. पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलेल्या माणसाला "उद्या या" म्हणजे काय असतं हे पुरतं ठाऊक असतं.

म्हणून माझं ऐका. मूल काय शिकणार, हे कटऑफकाकांना विचारू नका. ते मुलालाच विचारा आणि जे खरंच हवं तेच पहिल्या नंबरवर भरा. पण कागद मात्र काकांनाच दाखवा. जातपडताळणीचा अर्ज अकरावीतच टाका, नॉन-क्रिमीलेअरची आणि ईडब्ल्यूएसची तारीख जूनच्या आधी बघा, झेरॉक्सच्या जास्तीच्या प्रती ठेवा. आणि प्रवेश झाला की काकांकडे पेढे घेऊन जायला विसरू नका. त्यांना शुगर आहे, पेढे काकू खातात. काकांना फक्त अलॉटमेंट लेटरची एक प्रत द्या, पुढच्या वर्षीच्या गठ्ठ्यासाठी.