वेड्यांचे पाणी

पाणीपुरवठ्याच्या कामात ज्यांना गाव वेड्यात काढते, त्यांची ही मनापासून केलेली स्तुती आहे. त्यांचे वेड लहान शहरांना लागावे, एवढेच मला सांगायचे आहे.

पाणी थोडे असेल तर थोडा वेळ सोडावे, हा व्यवहार सगळ्यांना पटतो. व्हॉल्व्हमनने पहाटे चावी फिरवावी आणि तासाभरात घरोघरी हंडे, कळशा, पिंपे भरून घ्यावीत. कराडला लागून असलेल्या मलकापूरने नेमके याच्या उलट केले. 2009 च्या सुमारास तिथे चोवीस तास पाणी सुरू झाले, घरोघरच्या जोडण्यांना मीटर बसले आणि वापर वाढेल तसा दरही चढत जाऊ लागला. एवढ्याशा गावाने नळ बंदच करायचा नाही असे ठरवणे, हा बाहेरून पाहणाऱ्याला वेडेपणाच वाटेल.

पण तासाभराच्या पाण्यात काय होते ते कोणत्याही मोरीत दिसते. उद्याचा भरवसा नसतो, म्हणून आपण गरजेपेक्षा जास्त भरून ठेवतो. दुसऱ्या दिवशी नळ आला की कालचे पाणी ‘शिळे’ ठरते. ते ओतून देऊन भांडी पुन्हा भरतो. नळ कायम असला की साठवण्याचे कारण संपते आणि ओतण्याचेही. वर मीटर असेल तर हात आपोआप आखडतो.

खरे मोल आहे ते दाबाचे. पुरवठा थांबला की वाहिनी रिकामी होते. बऱ्याच गावांत घरांच्या जोडण्या गटारातून गेलेल्या असतात. ज्या सांध्यातून सकाळी पाणी बाहेर गळत होते, तोच सांधा दुपारी गटार आत ओढतो. कोणी थेट नळाला मोटर लावली की ही ओढ आणखी वाढते. मग नळ येतो, पहिली बादली गढूळ निघते, ती आपण ओतून देतो आणि दुसरी निर्धास्तपणे पितो. कावीळ आणि जुलाब याच वाटेने घरात येतात. वाहिनीत सतत दाब असेल तर गळतीतून पाणी बाहेर जाईल, घाण आत येणार नाही.

दुसरे वेड मोजण्याचे. केंद्र सरकारने 2008 मध्ये शहरांसाठी मापदंड ठरवले: माणशी रोज 135 लिटर पाणी आणि वाटेत हरवणारे, बिनहिशेबी पाणी 20 टक्क्यांच्या आत. टाकीतून किती सुटले आणि घरांत किती पोचले हे मोजल्याशिवाय यातले काहीच कळत नाही. म्हणून मध्यरात्री रस्त्यावर सळई टेकवून तिला कान लावणारा माणूस मला मोठा वाटतो. गाव निजल्यावरच जमिनीखालची गळती ऐकू येते. तोच माणूस सकाळी गावाच्या शेवटच्या घरात ओटी टेस्ट करतो. नळीतले पाणी पिवळे झाले, तर क्लोरीन तिथवर पोचले. हीच टेस्ट टाकीपाशी उरकणे सोपे असते, पण पाणी शेवटच्या घरातली माणसेही पितात.

तिसरे वेड वाईचे. सेप्टिक टँक तुंबली की गाडी बोलवायची, ही आपली रीत. वाईने 2018 पासून, टाकी तुंबो न तुंबो, दर तीन वर्षांनी वेळापत्रकानुसार ती उपसण्याची पद्धत सुरू केली. ‘भरली नाही तर उपसायची कशाला?’ हा प्रश्न साहजिक आहे. उत्तर टाकीच्या तळाशी असते. तिथे गाळ साचत गेला की वरच्या पाण्याला निवळायला जागा उरत नाही, आणि मैला जवळपास तसाच नाल्यात जातो. घरात काहीच तुंबत नाही, म्हणून सगळे ठीक वाटते. टाकी मात्र केव्हाच निकामी झालेली असते.

घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे 80 टक्के सांडपाणी होते, असे अभियंते धरतात. म्हणजे माणशी 135 लिटर आणले की 108 लिटर परत बाहेर जाणार. नव्या जलकुंभाची फीत आपण आनंदाने कापतो. या 108 लिटरची सोय झाल्याशिवाय ती योजना मी पूर्ण मानणार नाही.

वाईवरून वाहणारी कृष्णा पुढे कराडला येते आणि प्रीतिसंगमावर कोयनेला भेटते. वाटेत कितीतरी गावे तिचे पाणी उचलतात. वाईत वेळेवर उपसलेल्या टाकीचा मैला त्या हंड्यांत जात नाही. ती टाकी कोणाची होती, हे हंडा भरणाऱ्या बाईला कधी कळणार नाही. तिच्यासाठी हे वेड जपले पाहिजे.