शाळेचा पहिला दिवस : साहित्य, विधी आणि पथ्ये

शाळेचा पहिला दिवस मुलाचा असतो, असा एक गैरसमज नव्या पालकांत आढळतो. या कार्यात मुलाचे स्थान मांडवातल्या नवरदेवासारखे आहे : त्याच्यावाचून कार्य होत नाही, पण त्याला कोणी काही विचारतही नाही.

मुहूर्त काढायचा प्रश्न नाही, तो सरकारच काढते. राज्यात बहुतेक ठिकाणी १५ जूनच्या आसपास. विदर्भात उन्हाचा मान राखून आणखी काही दिवसांनी. पहिलीत बसण्यासाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण हवीत. ज्या घरात मूल २ जानेवारीला जन्मले आहे, तिथे "दोन दिवसांनी वर्ष घालवलं" हे वाक्य आजीने पोराच्या दहावीपर्यंत चालू ठेवावे.

गणवेश वाढत्या अंगाचा घ्यावा. म्हणजे आज ज्या अंगासाठी घेतला, त्याला तो होता कामा नये. पँट खालून चार बोटे आत दुमडून टीप मारून घ्यावी आणि दर जूनमध्ये एकेक बोट सोडावी. सोडलेल्या भागात न विटलेल्या कापडाची गडद पट्टी दिसते. ती पाहून मूल शाळेत कितव्या वर्षी आहे, हे जाणत्या आज्या रस्त्यापलीकडून सांगतात. रेनकोट दप्तरासकट अंगावर यावा. त्यात हात बाहीच्या आतच राहतात. त्याच हातांत पाण्याची बाटली द्यावी.

आता कव्हरे. हा या कार्याचा गाभा, म्हणून इथे घाई नको. दीड महिना सुट्टी होती तरी हे काम आदल्या रात्री, जेवणे आटोपल्यावरच काढावे. फरशीवर खाकी कागद पसरावा. तो आपला आपण गुंडाळतो, म्हणून चार कोपऱ्यांवर पोळपाट, अडकित्ता, शब्दकोश आणि घरातले शेंडेफळ ठेवावे. कागद पुस्तकाच्या बाहेर तीन बोटे राहील असा कापावा. दुसरी बाजू दुमडताना पुस्तक मिटलेले हवे. उघड्या पुस्तकाला घातलेले कव्हर पुस्तक मिटताच आखडते. या टप्प्यावर घरात दोन पंथ पडतात. आजोबांचा पंथ सेलोटेप मानत नाही : कोपरे तिरके दुमडून कागद आत खोचायचा आणि रात्रभर पुस्तके गादीखाली घालून वर झोपायचे. बाबांचा पंथ सेलोटेप मानतो, पण त्याचे टोक शोधण्यात पाऊण तास जातो. वाद वाढल्यास आईने दोघांच्या हातून कात्री काढून घ्यावी.

लेबल लिहिण्याचा मान घरातल्या सुवाच्य अक्षराला. हे अक्षर बहुधा आत्याचे असते आणि ती त्या दिवसापुरती वंदनीय ठरते. तुकडी गृहीत धरू नये, 'अ'चा खाडाखोड करून 'ब' होत नाही. हजेरी क्रमांकाची रेघ कोरी ठेवावी. पुढच्या एप्रिलपर्यंत ती कोरीच राहते. "गुरुवारपर्यंत सर्व वह्यांना निळी कव्हरे" हा शाळेचा निरोप दुसऱ्या दिवशी रात्री येतो, तेव्हा आजोबांना लगेच सांगू नये.

दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांवर जाऊ नये, असा नियम आहे. परंतु वेळापत्रक कोणालाच माहीत नसल्याने पहिल्या दिवशी सगळे भरावे.

चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत, असे सरकारने २०२४ साली ठरवले, ते मुलांची झोप व्हावी म्हणून. तरी घर पाचलाच उठवावे. मूल पाटावर बसवून औक्षण करावे. कुंकवाचे बोट पांढऱ्या शर्टापासून लांब ठेवावे. दही-साखर तळहातावर द्यावी. ती शेवटी पँटीला पुसली जाते, हे विधीत धरलेलेच आहे. एकच्या आकड्यांची सरस्वती खरे तर दसऱ्याच्या पाटीपूजनाची, पण उत्साही घरांत जूनमध्येही काढतात. आकडे आजी काढते. मूल पेन्सिल धरते आणि कोणाचे लक्ष नाही असे पाहून तिचे टोक खाते.

खेड्यातल्या पालकांना यातले बरेच आयते मिळते. जिल्हा परिषदेच्या शाळांत प्रवेशोत्सव असतो : कुठे सजवलेली बैलगाडी, कुठे लेझीम, गुलाबाचे फूल, मोफत पाठ्यपुस्तके. अनेक शाळांत मुलाचे पाऊल रंगात बुडवून कागदावर ठसाही घेतात. ठसा देखणा येतो. रंगलेला पाय नव्या बुटात परत कसा घालायचा, याचे मार्गदर्शन मात्र कोठेही उपलब्ध नाही. भाषणे सुरू झाली की गुलाबाच्या पाकळ्या उपटायला मुलाला मुभा असावी. शहरातल्या फोटोपुरत्या थाटापेक्षा मला हा बैलगाडीचा थाट सरस वाटतो. निदान त्यात बसायला तरी मिळते.

फाटकाशी "आपण नुसतं बघून येऊ" असे म्हणावे. हे खोटे बोलण्याचा मान वडिलांचा. पुढचे काम शाळेतल्या मावशींचे आहे, त्यात ढवळाढवळ नको. मावशी एका हाताने मूल उचलतात, दुसऱ्याने दप्तर, आणि कोपराने आईला बाहेर ठेवतात. मूल रडले तर उत्तम. न रडता, वळूनही न पाहता आत गेले, तर आईने रडावे. कार्यात कोणीतरी रडावेच लागते. आजोबांनी जाळीतून "मी इथंच आहे हं" असे सांगू नये. सांगितल्यास मग साडेबारापर्यंत खरोखरच तिथे उभे राहावे.

घरी आल्यावर पाणी देण्याआधी प्रश्न विचारावेत. काय शिकवलं? काही नाही. बाई कशा आहेत? माहीत नाही. शेजारी कोण बसलं? एक मुलगा. पुण्याच्या मावशीला फोनवर हेच "खूप रमला" असे कळवावे. डब्यातला गूळ-तूप-पोळीचा रोल अखंड परत आला असल्यास तो आईने ओट्याशी उभे राहून खावा.

दुसऱ्या दिवशी औक्षण नाही, दही-साखर नाही, फोटो नाही. मूल पांघरुणातून तोंड बाहेर काढून विचारते, "काल जाऊन आलो ना?" उत्तर देऊ नये. मोजे शोधायला घ्यावेत, एकच सापडतो.