जाळीकाका

ज्या माणसाची अख्खी नोकरी पाटबंधारे खात्यात कालव्यांची गळती बुजवण्यात गेली, तो निवृत्त झाल्यावर काय करील? भोकं पाडील. आमच्या सोसायटीतले जाळीकाका सध्या तेच करतात.

त्यांच्या बाल्कनीत, वॉशिंग मशीनला खेटून, स्क्रोल सॉ आहे. शिलाई मशीनसारखं दिसणारं, पण सुईच्या जागी पाच इंची करवतीचं पातं वरखाली नाचवणारं यंत्र. या पात्यांच्या नंबरांचा हिशेब चमत्कारिक आहे: नंबर वाढला की पातं जाड, शून्यं वाढली की बारीक. काका दोन शून्यांचंच वापरतात. पिनवाल्या पात्याचं नाव त्यांच्यासमोर काढू नये. पिन आत जाईल एवढ्या भोकाला ते ‘बोगदा’ म्हणतात.

बाहेरची कड कुणीही कापील. पण जाळीतला प्रत्येक बंद कप्पा आतून कापायचा, म्हणजे आधी त्यात भोक पाडायचं, पात्याचं वरचं टोक सोडवायचं, प्लाय त्यावर आणून टोक खालून भोकात ओवायचं, पुन्हा आवळायचं, ताण द्यायचा. मग अर्ध्या मिनिटात कप्पा कापून मोकळा, आणि पुढच्या कप्प्याला सगळं पहिल्यापासून. इतरांना यातलं कापणं आवडतं. काकांच्या लेखी कापणं म्हणजे दोन ओवण्यांमधली मधली सुट्टी.

ओवताना त्यांना बघावं. चष्मा कपाळावर, श्वास कोंडलेला, जीभ डाव्या गालात. पात्याचं टोक प्लायखाली गडप झालेलं, त्यामुळे सगळा कारभार अंदाजानं. मिलिमीटरभर इकडे, मिलिमीटरभर तिकडे. “आलं… आलं… गेलं!” या वेळात घरात कुकर लावायला बंदी आहे, कारण शिट्टीनं हात हलतो. काकूंचा वरणभात त्यापायी साडेबारावरून दीडवर गेला.

खरं तर टोक अडतं ते भोकाच्या खालच्या तोंडाशी. ड्रिल बाहेर पडताना प्लायचे तंतू उचकटतात आणि वाट अडवतात. ड्रिल करताना खाली टाकाऊ फळी धरावी, मग पॉलिश पेपरचा एक हात मारावा, काम झालं. हे काकांना पक्कं ठाऊक आहे. इस्त्रीवाल्यालासुद्धा त्यांनी ते शिकवलंय. स्वतः मात्र करत नाहीत. मला दाट संशय आहे की मुकाट्यानं आत जाणारं पातं त्यांना आवडत नाही. कधी सगळं ओवून, आवळून, बटण दाबल्यावर प्लाय थाडथाड उडायला लागतो: खाली हवेत ते दाते वर झालेले असतात. पातं काढून पुन्हा ओवावं लागणार म्हणून चेहरा खुलणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

अहमदाबादला ते सिदी सय्यद मशिदीची जाळी बघायला गेले होते. 1573च्या सुमाराची, दगडात कोरलेलं झाड. लोक फांद्यांवर खूश होतात. काका फांद्यांमधल्या भोकांवर खूश झाले. मग हे सगळं छिन्नीचं काम, इथे पातं कुणी ओवलेलंच नाही, हे लक्षात आल्यावर चहा प्यायला निघून गेले. लेसरवाला अशी जाळी दहा मिनिटांत कापून देतो, असं मी एकदा बोललो. “त्याला ओवायला लागत नाही,” काका म्हणाले. बिचाऱ्याची त्यांना मनापासून कीव आली होती.

आता ते दारावरच्या पाट्या करतात, आणि माणसाची किंमत त्याच्या आडनावातल्या भोकांवरून ठरते. तिसऱ्या मजल्यावरचे निंबाळकर त्यांचे लाडके. पहिल्या वेलांटीच्या पोटात एक, ब मध्ये दोन, ळ मध्ये दोन, क मध्ये एक. न ची गाठ मोकळी काढली तर आणखी एक. अनुस्वार तेवढा सुटून भुशात पडतो आणि काकू तो केरात भरतात. उलट राजे! र, काना, ज, मात्रा, एकाही अक्षराला पोट नाही. “घराणं चांगलं असेल,” काका म्हणतात, “पण आडनावात काही नाही.”

परवा निंबाळकरांच्या मुलीचं नेमकं राजेंच्या मुलाशी ठरलं. काका तसे जुन्या वळणाचे. स्वतःच्या सुनेनं माहेरचं आडनाव ठेवलं म्हणून वर्षभर तिच्याशी नीट बोलले नव्हते. पण साखरपुड्यात त्यांनी मुलाच्या वडिलांना कोपऱ्यात गाठलं. “मुलींनी आडनाव बदलायचंच कशाला? कायद्यात कुठे लिहिलंय? पाटी माझ्याकडून.” राजे भारावले. तुमच्या पिढीत असे विचार ऐकायला मिळत नाहीत, म्हणाले. पेढ्यांचं ताट घेऊन मागे उभी असलेली सून सासऱ्यांकडे बघतच राहिली.

काकांचं लक्ष नव्हतं. ते पत्रिकेच्या पाकिटावर ‘निंबाळकर-राजे’ लिहून पेन्सिलीनं भोकं मोजत होते. “मधली रेघ वाया जाते,” ते मला म्हणाले, “पण तेवढं चालवून घेऊ.”