सतरा नंबर

आमच्या हापिसात कुणालाही नाव नाही. म्हणजे आईबापांनी ठेवलेली आहेत, पण नेटवर्कवाले काका आले की ती खुंटीला टांगायची. "सतरा नंबर, उठा जरा," असं ते मला म्हणतात. माझ्या मशीनचा आयपी 192.168.1.17, म्हणून. शेठ दहा नंबर. प्रिंटर पन्नास.

रे रोड स्टेशनला उतरून दारूखान्यात, भंगार लोखंडाच्या गोदामावर आमचा पोटमाळा. परवा माझ्या टॅलीला सर्वर सापडेना. खाली भरलेला ट्रक उभा, ड्रायव्हर बिलासाठी हॉर्न वाजवतोय. काकांनी आधी केबल काढून तिच्यात फुंकर मारली. (ही फुंकर कॅसेटच्या जमान्यातली असावी.) मग काळी खिडकी उघडून पिंग. नंबराने हाक मारली की सर्वर लगेच ओ देई. नावाने मारली की ओ यायची पन्नासवरून. म्हणजे टॅली हिशेबाची वही प्रिंटरकडे मागत होती!

"डीएनएस," काका म्हणाले. गावाकडे 'बाहेरचं आहे' म्हणतात, तो सूर. कॅश साफ केली. ढिम्म. "कुणी हात लावला होता?" आम्ही सगळ्यांनी चहावाल्याकडे पाहिलं.

शेवटी होस्ट्स नावाची फाइल उघडली. मशीन नाव शोधायला आधी तिथे डोकावतं. तळाला सर्वरचं नाव, त्याचा जुना नंबर आणि शेरा : 'तात्पुरतं'. लिहिणारे काकाच, तीन वर्षांपूर्वी. 1983 साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस काढलं. त्याआधी अख्ख्या अर्पानेटची नावं अशाच एका फाइलीत हाताने लिहीत. काका त्या सालापर्यंत अजून पोचलेले नाहीत. त्यांनी ओळ खोडलीच नाही, पन्नासचा फक्त पाच केला.

त्यांना तरी काय बोलणार? लॉर्ड रे 1890 साली गव्हर्नरकी सोडून गेले, तरी इंडिकेटरवर अजून तेच. दारूखान्यातली तोफांची दारू कधीच संपली, पण मी हापिसचा पत्ता सांगितला की सासरेबुवा खाकरतात.

जाता जाता काका माझा नंबर बदलून तेवीस करून गेले. संध्याकाळी फलाटावर भेटले.

"काय सतरा नंबर, पनवेल का?"

"काका, मी आता तेवीस."

"हो की!" त्यांनी खिशातली डायरी काढली. "थांबा, लिहून ठेवतो."