बोलावणे बँकॉकचे, मुक्काम म्यावड्डीत

परदेशी नोकरीत फसलेल्याला आपण आधी हावरट ठरवतो. दलालाची पाळी नंतर, आलीच तर. पण परराष्ट्र मंत्रालयाचा सप्टेंबर २०२२चा इशारा संगणक शिकलेल्या तरुणांसाठी होता. थायलंडमध्ये डिजिटल मार्केटिंगचे पद सांगायचे, मग चोरवाटेने म्यानमारच्या म्यावड्डीत नेऊन ऑनलाइन फसवणुकीला जुंपायचे. मार्च २०२५मध्ये हवाई दलाच्या विमानांनी अशा शेकडो भारतीयांना परत आणले. आता इतके हावरट एकदम कुठून निपजले? चौकशी करायला हवी होती, हे कबूल. नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये अधिक जीएसटी इतकेच सेवाशुल्क घेता येते, हेही ठाऊक हवे. मात्र हा नियम सरकारी संकेतस्थळावर निवांत पडून असतो आणि दलाल रात्री अकरालाही फोन उचलतो, वर 'भाऊ' म्हणतो.