हाड कोणाचेही असो, वय सहा हजार

सृष्टिवाद ही अभ्यासाची फार सोयीची शाखा आहे. इतर शाखांत आधी खोदावे लागते, मग मोजावे लागते आणि शेवटी हाती आलेले उत्तर बहुधा आपल्याच पहिल्या अंदाजाची फजिती करते. इथे उत्तर 1650 पासून तयार आहे. त्या साली आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी बायबलमधल्या वंशावळींची बेरीज करून सृष्टीचा आरंभ इ.स.पू. 4004 च्या ऑक्टोबरात बसवला आणि नोहाचा जलप्रलय इ.स.पू. 2348 मध्ये. पुढे सापडलेले प्रत्येक हाड, पान आणि शिंपला या दोन तारखांच्या हिशेबात कोंबणे, एवढेच काम शिल्लक राहिले.

या शाखेला अलीकडे लागलेले सर्वांत मोठे घबाड 2005 मधले. अमेरिकेतल्या मोंटानात निघालेल्या टिरानोसॉरस रेक्सचा सांगाडा हेलिकॉप्टरला झेपेना, तेव्हा तो तोडावा लागला आणि त्यात मांडीचे हाड मोडले. मेरी श्वाइट्झर यांनी त्याच्या तुकड्यांतली खनिजे विरघळवली, तर मागे ताणले जाणारे, रक्तवाहिन्यांसारखे दिसणारे मऊ अवशेष उरले. हाडाचे वय 6 कोटी 80 लाख वर्षे. हे इतका काळ टिकले कसे, असा श्वाइट्झर यांना प्रश्न पडला. सृष्टिवाद्यांना प्रश्न पडला नाही, थेट उत्तरच सुचले: डायनोसॉर परवापरवापर्यंत हिंडत होते. श्वाइट्झर यांच्या चमूने शहामृगाच्या रक्तवाहिन्या रक्तातल्या लोहात बुडवून ठेवल्या. त्या दोन वर्षे टिकल्या. नुसत्या पाण्यातल्या काही दिवसांत कुजल्या. दोन वर्षे म्हणजे पावणेसात कोटी नव्हेत, हा सृष्टिवाद्यांचा आक्षेप रास्त आहे. ती प्रलयानंतरची चार हजारही नव्हेत, एवढेच त्यांच्या लक्षात येत नाही. श्वाइट्झर स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती आहेत आणि हाडाचे वय कोट्यवधी वर्षांचेच मानतात.

प्राण्यांचा प्रश्न 'जात' या एका शब्दात मिटतो. देवाने प्राणी जातवार घडवले, जातीच्या आत फरक पडेल, जात ओलांडता येणार नाही. 'जी जात नाही ती जात' ही आपली म्हण अमेरिकेतल्या केंटकीपर्यंत पोहोचली नसावी, पण व्याख्या तंतोतंत तीच. प्रलयातून प्राण्यांना वाचवणाऱ्या नोहाच्या तारवात दाटी होऊ नये म्हणून जाती मोजक्याच हव्यात. केंटकीच्या 'आन्सर्स इन जेनेसिस' या संस्थेने त्या सुमारे 1,400 वर आणल्या आहेत. त्यांत डायनोसॉरही आले, मात्र लहान वयाचे, कारण थोराड डायनोसॉर मावायचे कुठे? मांजरांची जात एकच. वाघ, सिंह, चित्ता आणि शिंक्यावरचे दूध सांडणारी मनी ही सगळी तारवातल्या एका जोडप्याची पिलावळ. आता इ.स.पू. 1350 च्या आसपास इजिप्तचा राजा तिसरा आमेनहोतेप शंभरावर सिंह मारल्याची फुशारकी कोरून ठेवतो आणि त्याच सुमाराच्या नेबामुनच्या थडग्यातल्या चित्रात मांजर मजेत पक्षी धरते आहे. म्हणजे तारू टेकल्यापासून हजार वर्षांच्या आत सिंह वेगळा झाला आणि मनी वेगळी. इतका वेग डार्विननेही मागितला नव्हता. उत्क्रांती अशक्य आहे. घाईची असेल तर चालते.

झाडांना तारवात घेतल्याचा उल्लेख नाही, त्यामुळे त्यांची पंचाईत मोठी. कॅलिफोर्नियाच्या व्हाइट माउंटन्समध्ये ब्रिसलकोन पाइनचे एक झाड आहे. 1957 मध्ये एडमंड शुलमन यांनी त्याची वर्तुळे मोजली. त्या मोजणीनुसार आज ते 4,800 वर्षांपुढचे आहे. प्रलय आला तेव्हा ते चारशेच्या वर होते आणि पाण्याखाली वर्षभर राहूनही त्याने वर्तुळ चुकवले नाही. झाडाला नाव दिले आहे मथुशलहाचे, बायबलमध्ये 969 वर्षे जगलेल्या पुरुषाचे. वंशावळीच्या बेरजेप्रमाणे मथुशलह प्रलयाच्या वर्षीच वारला. झाड उभे आहे. सृष्टिवाद्यांचा खुलासा असा, की पूर्वी झाडांना वर्षाला एकाहून जास्त वर्तुळे पडत असावीत.

कशानेच भागले नाही तर रामबाण आहे: 'तुम्ही तिथे होता का?' 'आन्सर्स इन जेनेसिस'चे संस्थापक केन हॅम हा सवाल शाळकरी मुलांना शिकवतात. ग्रंथ वेगळा असला तरी युक्तिवाद तोच ठेवून 2018 च्या जानेवारीत तो औरंगाबादेतही ऐकू आला. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी कुठे लिहिलेले वा सांगितलेले नाही, सबब डार्विन चूक, असे तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले. देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांना एकत्र निवेदन काढावे लागले. सिंह त्याआधी मुंबईचे पोलीस आयुक्त होते. साक्षीदाराने डोळ्यांनी पाहिले नाही तर गुन्हा घडलाच नाही, हा नियम त्या खात्यात चालला असता तर आर्थर रोडच्या तुरुंगाला खोल्या भाड्याने द्याव्या लागल्या असत्या.

हॅम यांच्या संस्थेने 2016 मध्ये केंटकीतल्या विल्यम्सटाउन इथे 510 फूट लांबीचे लाकडी तारू उभारले. पाहायला तिकीट आहे. 2017 आणि 2018 च्या मुसळधार पावसात तिथे जाणाऱ्या रस्त्यालगतचा उतार खचला. विमा कंपन्यांनी मागितलेली भरपाई दिली नाही, म्हणून पावसाच्या नुकसानीसाठी तारवाच्या मालकांनी 2019 मध्ये त्यांच्यावर दावा लावला.