नाव, गाव आणि नैवेद्य

कोकणातला माणूस भुताला घाबरतो, हा घाटावरच्या लोकांचा एक जुना गैरसमज आहे. कोकणातल्या माणसाला भुताची भीती नसते, माहिती असते. आता माहिती सांगताना तो आवाज खाली आणतो, मागे वळून बघतो आणि मधेच कंदिलाची वात कमी करतो, ही गोष्ट खरी. पण तो कथनाचा भाग झाला. ऐकणाऱ्याची बोबडी वळवून झाली की तोच माणूस विडी पेटवून एकटा काळोखातून घरी जातो.

सिंधुदुर्गातल्या आमच्या गावात भुतांची नीट वाटणी झालेली आहे. पिंपळावर मुंजा. मुंज झाली आणि सोडमुंजीआधीच गेला, तो हा बटू. त्याचं वय ठरलेलं, झाड ठरलेलं, अंगावरची लंगोटीसुद्धा ठरलेली. पुरलेल्या धनावर समंध. बाळंतपणात गेलेली ती हडळ. तिची पावलं उलटी, म्हणजे ओळखपत्र विचारायची गरज नाही. नवरा जिवंत असताना गेलेली सवाष्ण ती जखीण. खाडीच्या पाण्यात गिरा. खवीस परधर्माचा, त्यामुळे त्याच्यापुढे आपले मंत्र चालत नाहीत, ही सूचना आधीच दिलेली. महसूल खात्यालाही गावाची अशी नोंद ठेवता आलेली नाही. आमच्या सातबारावर अजून पणजोबांचं नाव आहे आणि पणजोबा सध्या कुठे आहेत हे कुणीच सांगू शकत नाही. मुंजा कुठे आहे ते मात्र शेंबडं पोरही सांगेल.

माझी आजी या मंडळींविषयी आदराने, पण किंचित कंटाळून बोलायची.

“तिन्हीसांजा झाल्यार त्या शिवेकडे जाव नको. थंय देवचार असता.”

“आणि गेलो तर?”

“तर बिडी ठेव आणि फुडे जा.”

विषय संपला. देवचार हा गावाची शीव राखणारा. हातात काठी घेऊन रात्री फेरी मारतो, त्याला रोट चालतो, विडी चालते आणि इतर जे चालतं ते आजी आमच्यासमोर सांगायची नाही. जिवंत शेजाऱ्याशी बांधावरून झालेला तंटा तीन पिढ्या कोर्टात चालतो. मेलेल्याशी एका विडीत मिटतो. माझ्या बालबुद्धीला तेव्हाच वाटून गेलं होतं की व्यवहाराला माणसापेक्षा भूत बरं.

या व्यवहाराचं शिखर पाहायचं असेल तर वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीला जावं. लेखक जयवंत दळव्यांचं गाव. वेताळ म्हणजे समस्त भुतांचा राजा. बाकीच्या महाराष्ट्रात त्याचं नाव घेतलं की लोक विषय बदलतात. आरवलीत तो वेतोबा आहे, गावाचा धनी आहे. लोक त्याला केळ्यांचे घड देतात आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. रात्री तो गावातून फिरतो, त्यामुळे चपला झिजतात, अशी श्रद्धा. आता मला सांगा, ज्याच्या पायाचं माप गावातल्या चांभाराकडे आहे, त्याला घाबरायचं तरी किती? उलट, चपला न मिळाल्याने त्याच्याच पायाला काटा लागेल, ही काळजी वाटू लागते.

आणि गाऱ्हाणं! कोकणातलं गाऱ्हाणं ज्याने ऐकलं नाही त्याने काटेकोर करारनामा ऐकला नाही. गुरव देवळात उभा राहून जागेवाले, शिववाले, पाण्यावरचे, झाडावरचे असे सगळे एकेक करून पुकारतो. ज्यांची नावं ठाऊक आहेत त्यांची घेतो आणि ज्यांची राहिली त्यांनाही बाहेर सोडत नाही. कळत चुकलं असेल, नकळत चुकलं असेल, चुकायचं राहिलं असेल, सगळं त्यात बसवतो, आणि मागून सगळा गाव ओरडतो, “व्हय म्हाराजा!” एकही पळवाट उरत नाही. आमच्या इमारतीचा पुनर्विकासाचा करार या गुरवाकडून लिहून घेतला असता तर आज आम्ही भाड्याच्या घरात नसतो.

हे सगळं सांगायचं कारण असं. रात्री मागच्या दारी काहीतरी धप्पकन पडतं. ते काय आहे हे माहीत नसतं. तिथून कल्पनाशक्ती कामाला लागते आणि तिची कामं दोन. पहिलं काम म्हणजे पडलेल्या झावळीचं भूत करणं. हे कुणालाही जमतं. कुत्रासुद्धा करतो आणि रात्रभर भुंकतो. दुसरं काम अवघड. त्या भुताला नाव देणं, गाव देणं, त्याला काय खायला आवडतं ते ठरवणं आणि शेवटी त्याच्या हातात विडी देऊन त्याला मार्गी लावणं. भयकथांवाल्यांनी पहिल्या कामाचं कौतुक उदंड केलं. दुसऱ्या कामाचं श्रेय आमच्या पूर्वजांना कुणी दिलं नाही.

पहिल्या कामाला फारसं भांडवल लागत नाही, याचा पुरावा हॉलिवूडने १९७५ मध्ये दिला. ‘जॉज’ चित्रपटासाठी स्पीलबर्गने यांत्रिक शार्क बनवून घेतला. समुद्रात उतरवल्यावर खाऱ्या पाण्याने तो वरचेवर बिघडू लागला. मग काय करणार? बराचसा सिनेमा त्याने शार्क न दाखवताच काढला. नुसतं पाणी, नुसतं संगीत. लोक खुर्चीत पाय वर घेऊन बसले. प्रेक्षकांच्या डोक्यातला मासा खाऱ्या पाण्यात एकदाही बिघडला नाही.

दुसऱ्या कामाची गरज का पडते, हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं. त्यांनी ४५ माणसांना संगणकावर एक खेळ दिला. पडद्यावर दगड यायचे आणि दगडाखाली साप आहे की नाही ते ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा झटका. खेळ संगणकावरचा, झटका खरा. निष्कर्ष असा की झटका बसणारच हे पक्कं कळलं की माणसं त्या मानाने निवांत असायची. जीव टांगणीला लागायचा तो निम्मी शक्यता असली की. बसेल की नाही बसेल? त्यांना दरदरून घाम फुटत होता. माझी आजी तिथे असती तर तिने त्या साहेबांना एवढंच विचारलं असतं, “त्या धोंड्याकडे आधी नारळ ठेवूक काय झाला होता?”

शास्त्रज्ञ आमच्या भुतांच्या मागावर आहेतच. आमच्याकडे चकवा लागतो. ओळखीच्या रानात माणूस सरळ चालत राहतो आणि फिरून फिरून त्याच आंब्याखाली येतो. यावर उपाय म्हणजे जागच्या जागी बसायचं आणि उजाडू द्यायचं. जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेने २००९ मध्ये हीच गोष्ट करून बघितली. लोकांना जर्मन जंगलात आणि ट्युनिशियातल्या सहारा वाळवंटात नेऊन सांगितलं, सरळ चाला. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ गेले. तो ढगाआड गेला की गोल फिरू लागले आणि आपलीच वाट ओलांडली तरी त्यांना पत्ता लागेना. सरळ म्हणजे कुठे, याच्या अंदाजात मेंदू पावलागणिक बारीक बारीक चुका करतो आणि त्या साचत जातात, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे चकवा आहे. फक्त तो रानात न राहता डोक्यात राहतो, एवढी पत्त्यात दुरुस्ती. उपाय मात्र आमचाच बरोबर निघाला.

इंग्लंडात कोव्हेंट्रीच्या एका प्रयोगशाळेत तर चक्क भूत होतं. विक टँडी नावाचा इंजिनियर तिथे रात्री एकटा काम करत असताना त्याला थंड घाम फुटला, अंगावर काटा आला आणि डोळ्याच्या कोपऱ्यात एक करडी आकृती उभी राहिली. वळून पाहिलं तर कुणी नाही. हा गृहस्थ तलवारबाजी खेळायचा. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीसाठी त्याने तलवारीचं पातं शिकंज्यात पकडलं, तर ते आपोआप थरथरू लागलं. दुसरा कुणी असता तर राजीनामा देऊन आला असता. टँडीने मोजमाप केलं. हवा बाहेर फेकणारा नवा पंखा कानाला ऐकू न येणारा, सेकंदाला सुमारे १९ कंपनांचा आवाज करत होता. पंख्याची व्यवस्था बदलली आणि भूत गेलं. १९९८ मध्ये त्याने त्यावर निबंध लिहिला. संशोधन म्हणून हे उत्तमच, पण माणूस संधीला मुकला. आमच्याकडे पंखा तसाच ठेवला असता, त्याला शेंदूर लावला असता आणि आज तिथे वार्षिक जत्रा, रात्री दशावतार आणि बाहेर खाज्याची दुकानं असती.

अतिशयोक्ती वाटते? २०१६ मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका आली. सावंतवाडीजवळच्या आकेरीतल्या ज्या वाड्यात तिचं चित्रीकरण झालं, तिथे महाराष्ट्रभरातून गाड्या भरभरून लोक जाऊ लागले. घरात पडद्यासमोर जे उशा कवटाळून बसत होते, तेच त्या ओसरीवर दात काढून फोटो काढत होते. भुताचा पत्ता कळला की ते पर्यटनस्थळ होतं.

माझी तक्रार आहे ती शहरातल्या अज्ञाताविषयी. त्याला नाव नाही, झाड नाही आणि त्याला काय वाहायचं ते कुणी सांगत नाही. पहाटे एका अनोळखी नंबरावरून एकच मिस्ड कॉल येतो. हे कुठलं भूत? कुणाच्या तरी नावाखाली ‘टायपिंग’ असं दिसतं, नाहीसं होतं, पुन्हा दिसतं, आणि शेवटी काहीच येत नाही. हडळीने असला छळ कधी केला नाही. ती आली तर येते. सोसायटीच्या फळ्यावर लागतं, ‘अत्यंत महत्त्वाचे. तपशील मागाहून.’ अहो, मागाहून म्हणजे केव्हा? अमावास्येला?

एकदा रात्री दहा वाजता साहेबांचा निरोप आला, ‘उद्या आल्या आल्या भेटा.’ साडेदहापर्यंत माझी नोकरी गेली होती. अकराला मी घर विकलं. बाराला स्टेशनबाहेर वडापावची गाडी टाकली. दीड वाजता तीही बुडाली, कारण चटणी हिला जमली नाही, आणि त्यावरून मी झोपलेल्या बायकोशी अबोलासुद्धा धरला. सकाळी साहेब म्हणाले, “तुमच्याकडून हापूसच्या दोन पेट्या मिळतील का? देवगडच हवा हं.” वास्तवाने माझ्या कल्पनाशक्तीचा इतका अपमान कधी केला नव्हता.

पण सगळ्यात जागृत स्थान म्हणजे रक्ततपासणीचा अहवाल. रकानेच्या रकाने आकडे आणि एकाच आकड्यापुढे एक बारीक तारा. तो तारा काही बोलत नाही. मी तो घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चष्मा वर केला, कागद जवळ धरला आणि म्हणाले,

“हं.”

नुसतं हं. पुढे काही नाही. मग पुन्हा कागद उलटला आणि पुन्हा, “हं.” नारायण धारपांच्या भयकथेत एव्हाना निदान भुतांचा बंदोबस्त करणारे समर्थ तरी आले असते. इथे मदतनीस मुलगी आली आणि म्हणाली, “डॉक्टर, बाहेर एमआर थांबलेत.” डॉक्टर मला ‘आलोच’ म्हणून उठले. त्या दहा मिनिटांत माझ्या तेराव्याचा स्वयंपाक ठरला आणि जिलबी की श्रीखंड यावर भावकीत दोन तटही पडले.

बायको शेजारीच बसली होती. ती अलिबागची, म्हणजे व्यवहाराला पक्की. म्हणाली, “तुमच्या गावाला प्रत्येकाला नाव असतं ना? मग याला पण द्या आणि गप्प बसा.” तिनेच बारसं केलं. हंकाऱ्या. आम्ही दोघांनी बसल्या बसल्या त्याची सगळी नोंद केली. वास्तव्य दवाखान्यातल्या फिरत्या खुर्चीवर. वेळ संध्याकाळी सहा ते नऊ, रविवारी बंद. खूण अशी की तो कागदाकडे बघतो, माणसाकडे बघत नाही. उतारा म्हणजे त्याला थेट तोंडावर विचारायचं, हं म्हणजे काय?

डॉक्टर आत आले. मी विचारलं.

“कशाचं हं?” ते म्हणाले. “अच्छा, ते! नाही, लॅबवाल्यांनी तुमचं वय ४७ च्या जागी ७४ छापलंय. मी बघत होतो, या वयात माणसाने काय तब्येत राखलीय!”

“आणि तो तारा?”

“तो होय? गोड जरा कमी करा.”

घरी येऊन मुलाला सगळी हकिकत सांगितली. तो दहा वर्षांचा, पण रक्त कोकणातलं. त्याने वय विचारलं नाही, तारा विचारला नाही.

“बाबा, हा हंकाऱ्या खातो काय?”

“सातशे रुपये,” बायको आतून म्हणाली. “आणि रोखच.”